एक बिंदू कमी

पाठचिकित्सेच्या तासाला गेली वीस वर्षे मी एक नियम शिकवत आले आहे. एकाच ओवीचे दोन पाठ समोर आले, त्यांतला एक सोपा आणि दुसरा अवघड असला, तर सहसा अवघड पाठ जुना मानावा. कारण लेखनिक न कळलेले सोपे करतो, सोप्याचे अवघड करण्याचे त्याला काही कारण नसते. विद्यार्थी हे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, मी गुण देते. हा नियम मी माझ्याच घरात, माझ्याच हाताने मोडला होता, आणि ते मला कोणा विद्वानाने नव्हे तर एका संगणकीय तपासणीच्या अहवालाने दाखवून दिले. अहवाल कोणत्या पोथीचा नव्हता. हौशी रेडिओच्या एका स्पर्धेसाठी माझ्या वडिलांनी पाठवलेल्या नोंदवहीचा होता.

अण्णा तारमास्तर होते. तारखात्यात मोर्सवर लागले, पुढे टेलिप्रिंटर आले तसे त्यावर बसले, आणि निवृत्तीनंतर, १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवाच बंद झाली तेव्हा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. पण मोर्स त्यांनी सोडला नव्हता. केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा देऊन त्यांनी तरुणपणीच हौशी रेडिओचा परवाना घेतला होता. या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. प्रत्येकाला सरकारकडून एक कॉलसाइन मिळते. भारतातल्या बहुतेकांची 'व्हीयू दोन' किंवा 'व्हीयू तीन'ने सुरू होते. भिवंडीत कामतघरच्या बाजूला आमचे घर. गच्चीवरून शेजारच्या नारळापर्यंत एक तांब्याची तार ताणलेली, मधोमध खाली उतरणारी केबल, आणि जिन्याखालच्या खोलीत टेबलावर यंत्र. दोन घड्याळे. एक आपले, दुसरे साडेपाच तास मागे असलेले. पाहुण्यांना ते बंद पडल्यासारखे वाटे.

भिवंडीत रेडिओ ऐकणे ही मुळातच हट्टाची गोष्ट आहे. यंत्रमागांचा खडखडाट कानांनी ऐकू येतो तो निराळा. मोटारी, स्टार्टर, जुनी वायरिंग यांची खरखर रेडिओच्या आत शिरते ती आणखी निराळी. आमच्या भागातले माग शुक्रवारी बंद असत. त्या दिवशी अण्णांचा चेहरा उजळलेला असे. दुर्दैवाने स्पर्धा शनिवारी सुरू होई.

ही स्पर्धा म्हणजे 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, ४८ तास. जागतिक वेळेचा शून्य तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. त्या क्षणापासून जगभरचे हजारो हॅम एकमेकांना हाका मारू लागतात. दोघांची गाठ पडली की प्रत्येकाने दुसऱ्याला दोन गोष्टी सांगायच्या: तुमचा आवाज कसा पोचतो ते दर्शवणारा अंक आणि आपण पृथ्वीच्या कोणत्या विभागात आहोत त्याचा क्रमांक. जगाचे त्यासाठी ४० विभाग पाडले आहेत. भारत २२ मध्ये येतो. यातला पहिला अंक निव्वळ उपचार आहे. आवाज कसाही असो, सगळे सगळ्यांना '५९९' म्हणजे उत्तमच देतात. तेही वेळ वाचवण्यासाठी नवाऐवजी 'एन' वाजवून. आपल्याकडच्या अंतर्गत गुणांशी याचे जे साम्य आहे त्यावर मी अधिक बोलत नाही. खरी माहिती दोनच: समोरच्याची कॉलसाइन आणि त्याचा विभाग. ती वहीत टिपायची आणि पुढे जायचे. दुसऱ्या खंडातल्या माणसाशी संपर्क झाला तर तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा असेल तर एक. मग किती देश, किती विभाग मिळाले त्यांच्या बेरजेने गुणाकार.

संभाषण म्हणावे तर यात काहीच नाही. मी एकदा अण्णांना म्हटले, "अण्णा, एवढा आटापिटा करून बोलता काय, तर नाव आणि नंबर!" ते म्हणाले, "तारेत तरी माणसं दुसरं काय पाठवत होती? कोण, कुठे, आणि लवकर या."

स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांच्या आत नोंदवही पाठवायची असते, तीही ठरावीक साच्यातल्या साध्या मजकूर-फाईलच्या रूपात. एका संपर्काची एक ओळ: कंपनसंख्या, तारीख, जागतिक वेळ, आपली कॉलसाइन, आपण काय पाठवले, समोरच्याची कॉलसाइन, त्याने काय पाठवले. बहुतेक स्पर्धक ऐकता ऐकताच संगणकावर टंकतात. अण्णा शाई-पेनने उभ्या रेघांच्या वहीत लिहीत. ती वही संगणकावर चढवण्याचे काम माझे. म्हणजे ऐकणारा एक आणि नक्कल करणारी दुसरी. पोथ्यांच्या परंपरेत हे नवे नाही, पण हे आपल्याच घरात चालले आहे, हे मला तेव्हा सुचले नव्हते.

आता तपासणीविषयी. तिची पद्धत कळली तेव्हा मी अक्षरशः चकित झाले, कारण ती मला ओळखीची होती. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभ, १९६६ मध्ये पूर्तता. त्या कामात श्लोकाचे एकेक अक्षर चौकटीत मांडून, त्याखाली निरनिराळ्या पोथ्यांतली अक्षरे भरून पाठ जुळवून पाहत. इंग्रजीत याला 'कोलेशन' म्हणतात, आपण पाठमीलन म्हणतो. गंमत म्हणजे 'कोलेशन' हाच शब्द तारखात्यातही होता. आकडे आणि संशयाचे शब्द घेणाऱ्याने पाठवणाऱ्याला उलट वाचून दाखवायचे, ते कोलेशन. अण्णा आणि मी एकच शब्द आयुष्यभर दोन खोल्यांत वापरत होतो.

स्पर्धेची आज्ञावली जगभरातून आलेल्या सगळ्या नोंदवह्या एकत्र करते आणि प्रत्येक ओळीची जोडीदार ओळ शोधते. अण्णांच्या वहीत अमक्या वेळी, अमक्या पट्ट्यावर एक जपानी नोंदला असेल, तर त्या जपान्याच्या वहीत त्याच सुमाराला अण्णा असले पाहिजेत. घड्याळांतला थोडासा फरक चालतो. जोडी जुळली, कॉलसाइन आणि विभाग बरोबर निघाले, की संपर्क पक्का. जुळली नाही तर शोध सुरू. समजा, अण्णांनी कॉलसाइनच्या शेवटी 'एस' लिहिला आहे. त्या नावाच्या माणसाची वही कुठेच नाही. पण त्याच मिनिटाला, त्याच पट्ट्यावर 'एच'ने संपणाऱ्या एकाच्या वहीत अण्णा आहेत. निष्कर्ष उघड आहे: अण्णांनी चुकीचे ऐकले. त्यांचा संपर्क जातो, वर दंडाचे गुणही वजा होतात. 'एच'चे मात्र काही बिघडत नाही, कारण त्याने बरोबर ऐकले होते. चूक ऐकणाऱ्याची, ज्याचे चुकीचे ऐकले गेले त्याची नव्हे. न्यायाची ही वाटणी मला फार सभ्य वाटते.

दुसरा प्रकार अधिक विचित्र. समोरच्याची वही आली आहे, तिच्यात त्या वेळच्या इतर नोंदी आहेत, पण त्यांत तुम्ही नाहीच. याला 'नॉट इन लॉग' म्हणतात. तुमच्या लेखी तुम्ही भेटलात, त्याच्या लेखी नाही. बहुधा असे झालेले असते की त्याने दुसऱ्याच कोणाला उत्तर दिले आणि गोंगाटात तुम्ही ते आपल्याला समजून पुढे गेलात. दंड तुम्हालाच. अण्णांना इतर चुकांचे काही वाटत नसे, पण या नोंदीपाशी ते थांबत. "त्याने मला ऐकलंच नाही," एवढेच म्हणत.

तिसरा प्रकार म्हणजे जगातल्या कोणाच्याही वहीत नसलेली, फक्त तुमच्याच वहीत असलेली कॉलसाइन. सगळ्या वाङ्मयात एकदाच आढळणाऱ्या शब्दाकडे कोशकार ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने आज्ञावली तिच्याकडे पाहते. खरी असू शकते, चुकीची असण्याचा संभव मोठा. ज्यांनी वहीच पाठवली नाही त्यांच्याशी झालेले संपर्क सहसा तसेच राहतात. त्यांना ना दुजोरा, ना नकार. आणि जिथे यंत्राला पेच पडतो तिथे माणसे बसतात. स्पर्धेच्या काळात सबंध पट्टेच्या पट्टे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय आता झाली आहे. परीक्षक ते पुन्हा ऐकू शकतात. महाभारताच्या संपादकांना व्यासांचे ध्वनिमुद्रण मिळाले असते तर, असा एक फाजील विचार माझ्या मनात येऊन गेला.

नियमांतली एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढते. स्पर्धा संपल्यावर वहीतली कॉलसाइन किंवा विभाग दुरुस्त करायला सक्त मनाई आहे. यादी पाहून नाही, ध्वनिमुद्रण ऐकून नाही, कोणाला विचारून नाही. त्या क्षणी जे ऐकले तेच पाठवायचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढच्यांना बजावून ठेवले की, यात कोणी आपली ओवी घालेल तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. पण नाथांपुढे प्रश्न 'मूळ काय होते' हा होता. इथे प्रश्न 'तू काय ऐकलेस' एवढाच आहे.

तर २०१७ च्या स्पर्धेची वही मी टंकत होते. एका ओळीत अमेरिकेची कॉलसाइन होती, तिच्यात अंक सहा. तोवर मला इतके कळू लागले होते की सहा म्हणजे कॅलिफोर्निया, आणि कॅलिफोर्निया तिसऱ्या विभागात येते. अण्णांनी पाच लिहिले होते. पाच म्हणजे न्यूयॉर्कची बाजू. मी मनाशी म्हटले, दमले असतील, पहाट असेल. आणि तीन टंकले. विचारलेसुद्धा नाही.

काही महिन्यांनी निकालासोबत तपासणीचा अहवाल आला. त्यात ती ओळ: विभाग चुकीचा, मिळालेला तीन, बरोबर पाच. माणूस कॅलिफोर्नियातून पूर्वेला राहायला गेलेला. अमेरिकेत घर बदलले तरी जुनी कॉलसाइन ठेवता येते, हे मला ठाऊक नव्हते आणि अण्णांना ठाऊक असण्याची गरजही नव्हती, कारण त्यांनी ऐकले होते. मी अवघड पाठ सोपा केला होता. अगदी माझ्या तासातल्या त्या अडाणी लेखनिकासारखा.

मी कबूल केले. अण्णा वही काढून ती ओळ बघत राहिले. म्हणाले, "तीन गुणांचं काही नाही गं. पण तुला माझा कान खोटा वाटला."

त्यानंतर मी प्रत्येक अहवाल वहीशी ताडून पाहू लागले. हेतू एवढाच की, चुकांतल्या माझ्या किती आणि त्यांच्या किती हे कळावे. माझ्या ओळखायला सोप्या होत्या: शेजारची कळ दाबली गेलेली, एक ओळ दोनदा उतरलेली. नजरेच्या चुका आणि कानाच्या चुका वेगळ्या असतात हे पोथ्यांच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. पाहून लिहिणारा ओळ गाळतो, ऐकून लिहिणारा 'श'चा 'स' करतो. आमच्या शेजारी एक चाचा कापड तपासून घड्या घालण्याच्या खात्यात होते. ताग्यातला दोष बघून ते मागावर कोण होते ते सांगत. "कपडा खराब है ये तो कोई भी बोलेगा," ते म्हणत, "किसने किया वो देखना पड़ता है."

२०१८ चा अहवाल आला. संपर्क कमी झालेले. अण्णा म्हणाले, "सूर्य झोपलाय." ते खरे होते. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र त्या वेळी तळाला चालले होते. डाग कमी झाले की वरच्या पट्ट्यांवर दूरचे ऐकू येईनासे होते. २०१९ चा अहवाल आला. संपर्क आणखी कमी, चुका मात्र जास्त. सूर्य अजून झोपलेलाच. मी एका रविवारी दुपारी तिन्ही वर्षांच्या कानाच्या चुका एका कागदावर मांडल्या. बरोबर अक्षर डावीकडे, अण्णांनी लिहिलेले उजवीकडे.

'एच'चा 'एस'. 'एस'चा 'आय'. 'व्ही'चा 'यू'. 'बी'चा 'डी'. पुन्हा 'एच'चा 'एस'.

मोर्स ज्याला येत नाही त्याला यात काही दिसणार नाही. मलाही ताबडतोब दिसले नाही. मी तक्ता काढून अक्षरांशेजारी खुणा मांडल्या. 'एच' म्हणजे चार बिंदू, 'एस' तीन, 'आय' दोन. 'व्ही' म्हणजे तीन बिंदू आणि एक रेघ; 'यू'मध्ये बिंदू दोनच. 'बी' म्हणजे रेघ आणि तीन बिंदू. 'डी'मध्ये पुन्हा दोन. २०१७ च्या अहवालात अशा चुका दोन होत्या, २०१८ च्या पाच, २०१९ च्या अकरा. प्रत्येक ठिकाणी एक बिंदू कमी. एकदाही जास्त नाही.

आवाज मंद होत गेला की बिंदू हरवतात, तेव्हा दोष सूर्याचाही असू शकला असता. म्हणून मी त्या अकरांतल्या ओळी वहीत पाहिल्या. जोरकस आवाजाच्या स्थानकापुढे फुली करण्याची अण्णांची सवय होती. अकरांपैकी सातांपुढे फुली होती.

माझ्या डोळ्यांसमोर मग वेगळ्याच नोंदी येऊ लागल्या. गेली दोन वर्षे माझी मुलगी भराभरा काही सांगे आणि अण्णा "हं" म्हणत, आणि नंतर कळे की त्यांना काहीच कळलेले नाही. मला वाटे, लक्ष नाही. वाटे, हट्टी झालेत, आपल्याच नादात असतात. मी दोन-तीनदा तोडून बोलले होते. एकदा पाहुण्यांसमोर. ते माझ्या वहीत होते, त्यांच्या वहीत होते की नाही मला माहीत नाही.

ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. आवाजाच्या पट्टीची तपासणी वयाच्या मानाने बरी निघाली. अण्णा जिंकल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले. मी पर्समधून तो कागद काढला. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला आणि समजावले की, ऐकू येणे आणि झपाट्याने येणारे आवाज सुटे करणे या दोन गोष्टी आहेत. आवाजांमधल्या बारीक फटी टिपण्याची शक्ती वयाबरोबर कमी होते, आणि त्याला यंत्र लावून फारसा उपयोग होत नाही. समोर बसून सावकाश बोला, म्हणाले. मग अण्णांना विचारले, "काका, मोर्स किती वेगाने घेता?" अण्णांनी वेग सांगितला. डॉक्टरांना तो आकडा कळला नसावा, पण ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या कानांना नोकरीतून सुटी कधी मिळालीच नाही."

परतताना रिक्षात अण्णांनी तो कागद मागून घेतला. "चार वाजतात तिथे मला तीन वाजतात," ते म्हणाले. "आणि मला ते तीन स्वच्छ ऐकू येतात बरं का. शंका असती तर मी परत विचारलं असतं."

हे वाक्य मला पुढे तासावर अनेकदा आठवले आहे. संशय आलेला लेखनिक जागा कोरी सोडतो, समासात खूण करतो. खरा भ्रष्ट पाठ निःशंक हाताने लिहिलेला असतो.

२०२० च्या एप्रिलात टाळेबंदीत माग बंद झाले आणि भिवंडी शांत झाली. कामगार पायी नाशिक रस्त्याला लागले होते. त्या शांततेचे कौतुक करण्याची लाज वाटावी अशी ती शांतता होती. अण्णा जिन्याखाली बसत. त्यांनी मला हेडफोन दिला. इतकी वर्षे जी खरखर हेच रेडिओचे स्वरूप आहे असे मला वाटत होते, ती नव्हतीच. काळ्याभोर अवकाशात एकेक बारीक शिट्टी. "आता तरी येतील सगळे," ते म्हणाले. आले नाहीत. माग बंद पडूनही बिंदू तीनच.

नोव्हेंबरात स्पर्धा आली तेव्हा मला वाटले या वेळी ते बसणार नाहीत. ते बसले, थोडेच तास, हळू वाजवणाऱ्यांना शोधत. नंतर मला विचारले, "माझ्या चुकीने समोरच्याचे गुण जातात का?" नाही, मी सांगितले. "आणि मी वही पाठवलीच नाही तर?" तर त्यांच्या नोंदीला जोडीदार ओळ मिळणार नाही, एवढेच. ते थोडे थांबले. मग म्हणाले, "चेकलॉग पाठवू."

चेकलॉग ही स्पर्धेतली एक सोय आहे. वही पाठवायची, पण स्पर्धक म्हणून नाही. तिला गुण नाहीत, क्रमांक नाही. इतरांच्या वह्या तपासताना ती केवळ साक्षीला घेतात. अण्णांनी चष्मा लावला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून ते एकेक ओळ वाचू लागले, सावकाश, तारखात्यातल्या जुन्या पद्धतीने, प्रत्येक अक्षर सुटे. मी टंकत होते. मध्येच एक जपानी आला. 'एस'. हाच माणूस मागच्या वर्षीच्या वहीतही होता. अहवालाने तो दुरुस्त करून दिलेला मला लख्ख आठवत होता. माझे बोट 'एच'वर गेले होते.

"अण्णा, एस की एच?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनाही आठवत होते.

"तीन ऐकू आले," ते म्हणाले.

मी 'एस' दाबला.